वह्यांचा हिशेब : ताईच्या धंद्यासाठी सोशल मीडियावर काढलेले दहा आठवडे

३ फेब्रुवारी २०२५

ताई हाताने शिवलेल्या वह्या बनवते. वेबसाइट आहे, फेसबुक पेज आहे. इन्स्टाग्रामला ६४० फॉलोअर आहेत. त्यातले निम्मे नातेवाईक नि मित्रमंडळी, उरलेल्यांत बरेच स्वतःच वह्या विकणारे. ऑर्डरी येतात त्या ओळखीपाळखीतून. दहा आठवडे, आठवड्याला साधारण दहा तास, हे काम मी अंगावर घेतलंय. रोज लिहिणं जमणार नाही, पण काही बिघडलं किंवा जमलं की इथे टिपून ठेवीन.

ताईने एक अट घातली. "पैशांत सांगू नकोस, त्यातून मला काही कळत नाही. वह्यांत सांग." म्हणजे एका वहीमागे तिच्या हातात जेवढं उरतं ते आमचं माप. एकूण बजेट ६० वह्या. आधी हसू आलं, पण "जाहिरातीला नऊ वह्या गेल्या" म्हटलं की तिचे दोन दिवस तरी गेले हे लगेच समजतं. दिवसाला चारच होतात तिच्या हातून.

७ फेब्रुवारी

चार दिवस फुकट. पेज आमच्या ताब्यातच नव्हतं! तीन वर्षांपूर्वी ते कुणा ओळखीच्या मुलाने काढून दिलं होतं आणि ॲडमिन तो एकटाच. ताईकडे फक्त पोस्ट टाकण्यापुरते अधिकार. मुलगा भला निघाला, पण त्याचा जुना फोन बंद, पासवर्ड विसरलेला, ईमेलही सोडून दिलेला. शेवटी सगळे सोपस्कार होऊन पेज आज हातात आलं.

आता पूर्ण अधिकार असलेले दोघं : ताई आणि मी. दोघांनाही टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड), तेही एसएमएसवर नाही, ऑथेंटिकेटर ॲपवर. रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात. काम सुरू करणाऱ्याने पोस्टबिस्ट राहू दे, आधी पेजचा मालक कोण ते बघावं.

१० फेब्रुवारी

अख्खा रविवार टेम्प्लेट करण्यात घालवला. प्रत्येक फोटोभोवती चौकट, खाली नाव, कोपऱ्यात लोगो, सगळं चौरस. टाकून झाल्यावर प्रोफाइल उघडलं तर प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजू कापलेल्या आणि नावाची पहिली-शेवटची अक्षरं गायब. जानेवारीतच इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरची चौरस खिडकी उभी, ३:४ केली आहे. मी जुन्या मापावर काम करत होतो.

आता फोटो १०८० बाय १३५०, चौकट नाही, लोगो नाही. ताई म्हणाली, "बरं झालं, चौकटीत वही दिसतच नव्हती." हे तिने रविवारी सकाळी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी

बूस्ट बटणाची मजा, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बटण. निळ्या मुखपृष्ठाच्या वहीचा फोटो बरा चालला होता, खाली बटण खुणावत होतं, दाबलं. पाच दिवस, ६ वह्या. मिळाले ८७० लाइक, चौदा बदाम-इमोजी आणि ऑर्डर शून्य.

चूक बटणाची नाही. उद्दिष्ट मी पाहिलंच नव्हतं. ते "एंगेजमेंट" होतं, म्हणजे लाइक देणारी माणसं शोधून आणा असं मीच सांगितलं होतं, आणि ती त्याने चोख शोधून आणली. लाइक देणारा हात आणि पाकिटात जाणारा हात एकाच माणसाचा असतोच असं नाही. इथून पुढे सगळं ॲड्स मॅनेजरमधून, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती लावायच्या पानावरून, करायचं. तिथे उद्दिष्ट आधी विचारतात : ओळख, ट्रॅफिक (वेबसाइटवर माणसं पाठवणं), एंगेजमेंट, लीड (संभाव्य गिऱ्हाइकं), ॲप, विक्री. एवढं वाचून तरी माणूस पुढे जातो.

१९ फेब्रुवारी

कुठून कोण येतं हे कळावं म्हणून लिंकांना यूटीएम शेपट्या लावल्या. दोन दिवसांनी ॲनालिटिक्समध्ये (वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजदाद तिथे दिसते) इन्स्टाग्राम तीनदा दिसलं. एकदा सगळी अक्षरं छोटी, एकदा पहिलं मोठं आणि एकदा माझ्या आळसाने नुसतं "आयजी". छोटं-मोठं अक्षर तिथे वेगळं धरतात हे माहीत असूनही ही चूक केली. आता एक शीट आहे, लिंक त्यातूनच उचलायची, हाताने टाइप करायची नाही.

शिवाय पोस्टच्या मजकुरात टाकलेली लिंक इन्स्टाग्रामवर दाबता येत नाही. आमच्या जुन्या चाळीसेक पोस्टींत ती तशीच पडून होती. लिंक बायोमध्ये, नाहीतर स्टोरीच्या स्टिकरवर.

२४ फेब्रुवारी

ट्रॅफिक मोहीम. चार दिवस, ९ वह्या. लिंकवर क्लिक ४१२, मी खूश. मग शेजारचा रकाना लावला : पान प्रत्यक्ष उघडलेले १३१. म्हणजे तीनातल्या दोघांनी पान उघडायच्या आतच पळ काढला. ऑर्डर एक, आणि ती माझ्या आतेबहिणीची.

कारणं दोन सापडली. एक, जाहिरात कुठे दिसावी हे मी आपोआपवर सोडलं होतं. बरेचसे क्लिक ऑडियन्स नेटवर्कमधले, म्हणजे इतर ॲप्स आणि गेम्समध्ये दिसणाऱ्या जाहिरातींवरचे. तिथे फुली मारायला जाणारं बोट अनेकदा जाहिरातीवर पडतं. दोन, आमचं पान जड होतं. पहिलाच फोटो सहा एमबीचा, कॅमेऱ्यातून निघाला तसा चढवलेला. मोबाइल डेटावर घड्याळ लावून मोजलं, नऊ सेकंद. कोण थांबेल?

फोटो दोनशे केबीच्या आत आणले. जागा फक्त फीड, स्टोरी आणि रील्स ठेवल्या. ट्रॅफिक मोहीम बंद.

३ मार्च

हा दिवस सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त इथेच फसलो.

विक्रीच्या उद्दिष्टाची मोहीम लावून दोन दिवस झाले होते. सकाळी ॲड्स मॅनेजरमध्ये "खरेदी ८". मी ओरडतच ताईच्या खोलीत गेलो. ती टेबलापाशी पाकिटं बांधत होती. पाकिटाची घडी घालते, डिंकाचा हात फिरवते, अंगठ्याने कड दाबून धरते आणि तोंडाने पाचपर्यंत आकडे मोजते. मोजून होईपर्यंत बोलत नाही. पाच झाले. मग टेबलाकडे हात करून म्हणाली, "चार आहेत. तुझी बाकीची चार कुठाहेत?"

बाकीची चार नव्हतीच. वेबसाइटच्या थीममध्ये पिक्सेलचा कोड (वेबसाइटवर झालेली खरेदी ॲड्स मॅनेजरला कळवतो तो) कुणीतरी आधीच घातला होता, आणि मी टॅग मॅनेजर या असे कोड बसवायच्या साधनातून दुसऱ्यांदा घातला. प्रत्येक ऑर्डर दोनदा मोजली जात होती. ब्राउझरमधलं पिक्सेल तपासायचं एक्स्टेंशन लावलं आणि दहा सेकंदांत दिसलं, एका खरेदीला दोन इव्हेंट, म्हणजे दोन नोंदी. हे मोहीम सुरू करायच्या आधी बघायचं असतं. एकदा स्वतःच एक ऑर्डर टाकून बघायची, म्हणजे झालं.

थीममधला कोड काढला. यापुढे नियम असा की स्क्रीनवरचा आकडा टेबलावरच्या पाकिटांशी जुळल्याशिवाय आनंद करायचा नाही.

८ मार्च

चार ऑर्डरी मिळाल्यावर माझा हात शांत बसेना. रोज रात्री काहीतरी बदलायचो. आज वय, उद्या फोटो, परवा बजेट. जाहिरातीच्या नावापुढे "लर्निंग" हा शब्द काही केल्या जाईना. म्हणजे जाहिरात कुणाला दाखवावी हे यंत्रणा अजून शिकतेय. मोठा बदल केला की ते शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आणि त्यातून बाहेर यायला आठवड्याला साधारण ५० वेळा ती गोष्ट घडावी लागते जिच्यासाठी तुम्ही मोहीम लावली आहे. आमची गोष्ट म्हणजे खरेदी. आठवड्याला ५० खरेद्या असत्या तर मी इथे कशाला बसलो असतो? आणि ताईच्या दोन हातांतून आठवड्याला तेवढ्या वह्या निघत तरी कुठे!

मोहिमेत १० वह्या गेल्या, विकल्या गेल्या पाच. बंद केली. छोट्या धंद्याने खरेदीच्या अलीकडची, जास्त वेळा घडणारी पायरी निवडावी हे आता कळतंय : कार्टमध्ये टाकणं किंवा मेसेज करणं.

१२ मार्च

स्पर्धा ठेवायची कल्पना माझीच. तीन वह्या बक्षीस, फॉलो करा आणि दोन मित्रांना टॅग करा. आठवड्यात ३८० नवे फॉलोअर. निकाल लागल्यावर पहिल्या चार दिवसांतच १४० गेले. राहिलेल्यांपैकी काहींची प्रोफाइलं उघडून बघितली, तर पोस्टी म्हणजे नुसत्या इतर स्पर्धा. फुकट मिळेल तिथे हजर राहणारी ती जमातच वेगळी असते. वर आमच्या पुढच्या पोस्टी आता अशा लोकांपुढे जातात ज्यांना वहीशी देणंघेणं नाही.

बक्षिसं, कुरिअर धरून खर्च ५ वह्या. पुन्हा स्पर्धा ठेवणार नाही. (स्पर्धेच्या मजकुरात "इन्स्टाग्रामचा याच्याशी संबंध नाही" असं स्पष्ट लिहावं लागतं, तेही मी दुसऱ्या दिवशी घातलं.)

१८ मार्च

निम्म्याहून जास्त वेळ गेला, ६० पैकी ३० वह्या संपल्या. ताईसमोर सगळं मांडलं. ती काही बोलली नाही, आतून एक वही आणली. तिची स्वतःची, कडा खराब झाल्या म्हणून विकायची राहिलेली. गेल्या वर्षभरात फोनवर, मेसेजमध्ये, कमेंटमध्ये कुणी काही विचारलं की ती त्यात लिहून ठेवत होती. तारीख, प्रश्न, आणि घेतली की नाही याची एक बारीक खूण.

मी दीड महिना डॅशबोर्डात डोकं घालून बसलो होतो, आणि हे घरात होतं.

रात्री बसून मोजलं. ९४ नोंदी. "वही सपाट उघडते का?" ३१ वेळा. "शाईच्या पेनाने लिहिलं तर मागे फुटते का?" २२ वेळा. "किंमत किती?" १९. बाकी आकार, कोरी पानं, नाव घालून मिळेल का वगैरे. रंगाबद्दल फक्त तीन! आणि आम्ही वर्षभर टाकतोय काय, तर मुखपृष्ठांचे रंग.

खुणा बघितल्या तेव्हा आणखी एक दिसलं. ज्यांना त्याच दिवशी उत्तर गेलं त्यांच्यापुढे खूण बऱ्याचदा होती. दोन दिवसांनी गेलेल्यांपुढे जवळजवळ नाहीच.

२१ मार्च

तर मग सपाट उघडण्याचा व्हिडिओ.

पहिला प्रयत्न : ट्रायपॉड, दिवे, वरून संथ कॅमेरा, मागे गाणं. एक तर बिझनेस खात्याला गाण्यांची पूर्ण लायब्ररी मिळत नाही. जे गाणं मनात होतं ते यादीतच नव्हतं. दुसरं, "सपाट उघडते" ही ओळ मी अगदी तळाशी लिहिली आणि तिथे रील्सचं नाव, मजकूर आणि बटणं येतात. ओळ दिसलीच नाही. उभ्या व्हिडिओत तळाचा भाग रिकामा ठेवायचा, महत्त्वाचं ते मध्यावर.

दुसरा प्रयत्न ताईने केला, मी नुसता फोन धरला. खिडकीपाशी टेबल. नवी वही मधोमध उघडली, दोन्ही हात उचलून मागे घेतले, आणि थांबली. वही तशीच पडून राहिली, एकही पान उठलं नाही. मग शाईच्या पेनाने एक ओळ लिहिली, पान उलटलं, मागची बाजू कोरी. पान उलटतानाचा आवाज आणि लांबून कुकरची एक शिट्टी. ११ सेकंद. शिट्टी काढू का विचारलं तर म्हणाली राहू दे.

मजकूर : सपाट उघडते, शाई मागे फुटत नाही, १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम) कागद, किंमत अमुक. किंमत उघड लिहिण्यावरून आमचा वाद झाला. तिला वाटायचं, किंमत बघून लोक पळतील. माझं म्हणणं, किंमत ऐकून पळणारा डीएममध्येही (खासगी मेसेजमध्येही) पळतोच, फक्त आपली पंधरा मिनिटं घेऊन. "किंमत डीएम केली आहे" हे उत्तर वाचून मी स्वतः कितीदा पुढे गेलोय. शेवटी ती मानली.

२७ मार्च

त्या ११ सेकंदांवर मेसेज मिळवण्यासाठी मोहीम लावली. जाहिरात दाबली की थेट व्हॉट्सॲप. दोन आठवड्यांना १२ वह्या, आणि स्वतःला बजावलं की मध्ये हात लावायचा नाही.

आधी नंबर बिझनेस ॲपवर आणला. कॅटलॉगमध्ये पाचच वस्तू. लेबलं चार : विचारलं, सांगितलं, पैसे आले, पाठवलं. ताईच्या वहीतले सर्वांत जास्त आलेले सहा प्रश्न झटपट उत्तरांत घातले, पण तिच्याच शब्दांत. मी आधी लिहिलेलं "आपल्या चौकशीबद्दल आभारी आहोत" तिने खोडलं. "मी असं कधी बोलते का?" रात्री दहानंतर आपोआप जाणारा निरोप : "आता झोपले आहे, सकाळी नऊच्या आत सांगते."

एक घोळ. कुणीतरी लिहिलं होतं, "वही मिळाली, शेवटची पानं ओली आहेत." मी घाईत झटपट उत्तर क्रमांक दोन पाठवलं : "नाही, शाई अजिबात फुटत नाही!"

२ एप्रिल

ओल्या वहीचं प्रकरण पुढे गेलं. माझ्या त्या उत्तरानंतर त्या माणसाने रीलखाली कमेंट टाकली, फोटोसकट. मी घाबरून ती काढून टाकली. तासाभरात त्याने पुन्हा टाकली, या वेळी काढून टाकलेल्या कमेंटच्या स्क्रीनशॉटसह, आणि खाली आणखी चौघं विचारायला लागले.

ताईने फोन माझ्या हातातून घेतला. कमेंटखालीच उघड लिहिलं : वही वाटेत भिजली, आतलं वेष्टण आम्ही घातलं नव्हतं, चूक आमची, कमेंट काढली तीही चूकच, नवी वही उद्या निघेल. दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक पाकिटात प्लास्टिकचं आतलं वेष्टण. त्या माणसाने नवी वही मिळाल्यावर फोटो टाकला. त्याखालून दोन ऑर्डरी आल्या, त्या ताईने तिच्या वहीत वेगळ्या रंगाने लिहिल्यात.

शिवी किंवा फसवी लिंक असेल तरच कमेंट काढायची. तक्रार कधीच नाही.

६ एप्रिल

थोडक्यात. पेजच्या इनबॉक्समध्ये निरोप : कॉपीराइटचा भंग झाला, २४ तासांत पेज बंद होईल, इथे दाबून अपील करा. पाठवणाऱ्याच्या नावात "सपोर्ट", फोटोत निळी खूण. ताईने दाबलं आणि पासवर्डही टाकला. टू-फॅक्टरचा कोड मागितल्यावर तिने मला हाक मारली, तिथे वाचलो. पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉग-आउट केलं. ७ फेब्रुवारीचे ते चार दिवस आता वाया गेले असं वाटत नाही.

११ एप्रिल

मेसेजची मोहीम संपली. हात लावला नाही, एकदाच फक्त बघायला म्हणून लावला होता.

मेसेज ७४. त्यातून ऑर्डरी २३, वह्या ३७. बाकी नुसतं विचारून गेले. ॲड्स मॅनेजरमधले आकडे आणि आमची वही अजूनही जुळत नाहीत. तिथे क्लिकनंतरचे सात दिवस आणि नुसतं बघितल्यानंतरचा एक दिवस, एवढ्यातली खरेदी जाहिरातीची धरतात, म्हणजे जाहिरात अंगठ्याखालून सरकली आणि नंतर कुणी मैत्रिणीकडून ऐकून वही घेतली तरी श्रेय जाहिरातीला. उलट बाजूने, एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आल्यापासून आयफोनवरचे बरेच लोक माग काढायला नकार देतात, त्यांची खरेदी तिथे नीट दिसत नाही. म्हणून ताई आता ऑर्डर घेताना एकच विचारते, "कुठे बघितलंत?" आणि लिहून ठेवते. लोक सांगतात. कधीकधी गरजेपेक्षा जास्त सांगतात.

खर्चाचा हिशेब, वह्यांत : बूस्ट ६, ट्रॅफिक ९, विक्री १०, स्पर्धा ५, मेसेज १२. एकूण ४२, शिल्लक १८. आधीच्या तिसात विकल्या सहा, शेवटच्या बारात ३७. पहिल्या तिसाला शिकवणीची फी म्हणायची माझी तयारी होती, पण ताई म्हणाली, "फी नाही, घाई."

१३ एप्रिल

आज एका ऑफिसमधून कोऱ्या पानांच्या ६० वह्यांची ऑर्डर आली. कमेंटमध्ये "कोरी मिळेल का" एवढंच विचारणारी बाई होती ती. मार्चअखेरीस ताईने तिला दहा मिनिटांत उत्तर दिलं होतं आणि मी ती कमेंट मोजलीही नव्हती.

६० भागिले ४, पंधरा दिवस. उरलेल्या १८ वह्यांची जाहिरात लावायची म्हणून मी लॅपटॉप उघडला होता. ताईने डिंकाच्या हातानेच झाकण खाली केलं. "आता माणसं आणलीस तर देऊ काय त्यांना?"

जाहिराती बंद. झटपट उत्तर क्रमांक एक बदललं : "वही मिळायला तीन आठवडे लागतील, चालेल का?" लॅपटॉपच्या झाकणावर अंगठा उमटलाय, तो निघत नाहीये.